धुवायचं राहिलेलं कापड

अणिमादी गेल्याचं मला दहा दिवसांनी कळलं. रविवारी सकाळी फोन वाजला, पलीकडे तिची भाचेसून टुंपा, तिला पिशिमा म्हणजे आत्या म्हणणारी. "काकिमा, पिशिमा गेल्या हो… तुमचा नंबरच सापडत नव्हता." नंबर शेवटी सापडला तो पावडरच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर, आणि तोही भिंग लावून वाचावा लागला म्हणे. ते ऐकून मला आधी हसू आलं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, एका डोळ्याने दिसत नाही, आणि आकडे काढलेत मुंगीच्या डोळ्याएवढे, सगळे एका उंचीचे! हसू आवरेपर्यंत टुंपाने फोन ठेवलाही होता. मग दिवसभर मी मागे जात बसले. ती गेली त्या गुरुवारी मी काय करत होते? वांगं भाजत होते. त्यानंतरच्या शनिवारी चार वाजता तर मी तिच्यावर चक्क रुसले होते, की ही फोन का करत नाही. गेलेल्या माणसावर रुसून बसायचा पराक्रम माझ्याच नावावर लिहिलेला असणार.

तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असण्याचं कारण नाही. तिचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. पण हुगळीच्या दोन्ही काठांवरच्या कितीतरी कारखान्यांत तिच्या हातच्या रेघा वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेल्या होत्या आणि त्या पाहून लोखंड कापलं जात होतं. अणिमा सेन ट्रेसर होती. आता हा धंदाच राहिला नाही, म्हणून सांगते. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढायचा, त्यावर एक निळसर, चकचकीत कापड ताणून बसवायचं आणि खालच्या रेघा शाईने त्या कापडावर उतरवायच्या. मग त्या कापडावरून हव्या तेवढ्या निळ्या प्रती निघत. कापड मुळात झुळझुळीत सुती, पण त्याला अशी काही खळ दिलेली असे की ते काचेसारखं दिसे. त्याचा एकच शत्रू, पाणी. थेंब पडला की तिथली खळ फुगते, पांढरा ठिपका उमटतो आणि तो कधीही जात नाही. आणि हे काम आम्ही करत होतो कुठे, तर हावड्यात, जिथे वैशाखात माणूस बसल्या जागी वितळतो. मनगटाला फडकं गुंडाळायचं, कपाळाला पट्टी बांधायची आणि पंखा मात्र सावकाश ठेवायचा, नाहीतर कापड उडतं. आम्ही सहा जणी त्या खोलीत डोक्याला पट्ट्या बांधून बसलेल्या पाहून पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांचं डोकं दुखतंय.

स्वातंत्र्य येऊन तीनेक वर्षं झाली असतील. माझा जन्म कलकत्त्यातलाच, आमचं बिऱ्हाड भवानीपुरात. वडील शाळेत गणित शिकवत. मुलगी ट्राममध्ये बसून, पूल ओलांडून कारखान्याच्या ऑफिसात जाणार म्हटल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी डब्यात चिवडा भरून दिला. तो चिवडा आमच्या खोलीत गाजला. चार वाजता एका मोठ्या परातीत मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची घालून कालवले जात आणि जिने जे आणलं असेल ते त्यात पडे. माझा हळदीचा चिवडा पाहून माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, काटकुळी, पलीकडच्या बंगालातून आई आणि धाकटा भाऊ घेऊन आलेली एक बाई गंभीरपणे म्हणाली, "अगं बाई, मुडीला कावीळ झाली की काय?" ती अणिमादी. त्या दिवसापासून मी तिच्या शेजारच्या टेबलावर.

खोलीचे प्रमुख भट्टाचार्यबाबू. धोतर, काळी छत्री, तपकीर. त्यांनी खोलीत एक रीत घालून दिली होती. कुणाच्याही पेनातून शाई ओघळली किंवा घामाचा थेंब पडला, की तिने मोठ्याने म्हणायचं, "पोडेछे!" म्हणजे पडला. की सगळ्यांनी पेनं खाली ठेवायची. भट्टाचार्यबाबू जागेवरूनच विचारायचे, "मोहरी की वाटाणा?" डाग मोहरीएवढा असेल तर जिचा हात सर्वांत हलका ती, म्हणजे बहुतेक वेळा अणिमादी, ब्लेडने तो अलगद खरवडून काढी आणि वर खडूची पूड चोळून देई. वाटाण्याएवढा असेल तर बाबू म्हणत, "मग बाद. धुऊन टाका." ते कापड धुतलं की खळ जाऊन आत मलमलीसारखं मऊ सूत निघे. ज्या घरी बाळ असेल त्या घरी ते जाई. हावडा-बेहाल्यातली निदान डझनभर बाळं आमच्या चुकांची झबली घालून वाढली. डाग कुणाचा, हे त्या खोलीत कुणी कधी विचारलं नाही. आता वाटतं, त्या म्हाताऱ्याने केवढी गोष्ट केली होती. तेव्हा वाटायचं, काय हा ढिला कारभार!

कारण तेव्हाची मी… त्या सुमतीबद्दल काय सांगू! कडक खळीची साडी, खळीचाच स्वभाव, आणि शाळेत पहिला नंबर आल्याचं अजून डोक्यातून गेलेलं नाही. ती समोर आली तर तिच्या वेणीला धरून मी तिला परातीजवळ नेऊन बसवेन. पण ती सापडायची कुठे?

दोन वर्षांनी भट्टाचार्यबाबूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी अणिमादी येणार हे खोलीतल्या पंख्यालासुद्धा ठाऊक होतं. साहेबांनी मला बोलावलं. मला इंग्रजीत पत्रं वाचता येत होती, तिला येत नव्हती. मी "नाही" म्हणायला हवं होतं, निदान "उद्या सांगते" तरी. मी म्हटलं, "थँक्यू सर." बाहेर आले तर अणिमादी दारातच. तिने सगळ्यांच्या आधी माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी संदेशची मिठाई घेऊन आली. म्हणाली, "शुमोती, आता तू साहेब. फक्त एक ऐक. चारला उठून आमच्यात येऊन बसत जा."

मी किती वेळा बसले असेन? दोनदा. मग मला वाटलं, प्रमुखाने असं परातीत हात घालणं शोभत नाही. मग वाटलं, चारची परातच कशाला? तेलकट हात, कापडाला डाग. बंद. मग मी कोपऱ्यात काचेचं केबिन करून घेतलं आणि त्यात अशी बसले, की मला सगळ्यांच्या पाठी दिसाव्यात. टेबल सोडून जायचं तर चिठ्ठी. रजा हवी तर आदल्या दिवशी अर्ज. आणि माझ्या बुद्धीचा कळस म्हणजे डागांची वही. लाल कापडी बांधणीची, इंग्रजीतली. तिच्यात मी स्वतः फूटपट्टीने रकाने आखले होते: नाव, डागाचा आकार, कारण. ती वही मी इतक्या सुंदर अक्षरात लिहीत असे, की तेवढ्यासाठी तरी मला कुणीतरी त्या खोलीत परत ट्रेसिंगला बसवायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात वहीत अकरा डाग. पुढच्या आठवड्यात चार. महिन्याअखेर एकही नाही. मी हवेत. त्या खोलीत "पोडेछे" हा शब्दच ऐकू येईनासा झाला होता, आणि मला वाटलं, मी डाग पडायचेच थांबवले! प्रत्यक्षात काय चाललं होतं ते केबिनच्या काचेतून दिसत नव्हतं, कारण मला दिसत होत्या त्या पाठी. जी ती आपापला डाग आपणच, घाईघाईत खरवडून टाकत होती. गौरी नावाची एक पोरगी होती, सर्वांत लहान. तिने असाच एक डाग लपवताना त्याच्याखालचं भोकाचं वर्तुळही खरवडून टाकलं. कारखान्यात आठाऐवजी सात भोकांच्या जाड लोखंडी पट्ट्या पाडल्या गेल्या, ढीगभर. साहेब आमच्या मजल्यावर चढून आले ते जिन्यापासून ओरडतच. आणि मी काय केलं असेल? मी त्यांना लाल वही उघडून दाखवली. म्हटलं, "सर, या महिन्यात आमच्याकडे एकही चूक नाही."

पुढे गौरी गेली. तिला शाळेत नोकरी लागली असं तिने सांगितलं आणि मी ते खरं मानलं. मग दोघी एकदम गेल्या, एकीचं लग्न, एकीची तब्येत. मग आणखी एक, तिने तर कारणसुद्धा दिलं नाही. नव्या मुली आल्या, महिना-दीड महिना राहिल्या, गेल्या. साहेबांनी विचारलं, का जातात? मी टाइप करून उत्तर दिलं, की बायका नोकरीत टिकत नाहीत. वाक्य लिहिणारी स्वतः बाई होती आणि टिकून होती, हे लिहिताना तिच्या ध्यानात आलं नाही. रोज संध्याकाळी पूल ओलांडताना अणिमादी आणि मी पूर्वी बरोबर चालायचो, कठड्यापाशी थांबून खालचे मचवे पाहायचो. आता ती एका ट्रामने जायची, मी पुढच्या. मला वाटायचं, तिला माझा हेवा वाटतो… खरंच वाटायचं हो.

खोलीत शेवटी ती एकटी उरली. सहा टेबलं, एक पाठ. आषाढातली दुपार होती. ती केबिनच्या दारात आली. "शुमोती, आईचा श्वास लागलाय सकाळपासून. भाऊ पोरसवदा, घाबरलाय. दोनला जाऊ?"

मी मान वर केली नाही. "अर्ज काल द्यायला हवा होतास, अणिमादी."

"काल आईला बरं होतं."

"नियम सगळ्यांना सारखा."

तिने मागे वळून त्या पाच रिकाम्या टेबलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सगळ्यांना?" बस, एवढंच. मग जाऊन बसली. पट्टी बांधली, पेन उचललं. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर तिचा हात चालत नव्हता. खांदे हलत नव्हते, आवाज नव्हता. कापडावर दोन पांढरे ठिपके होते, शेजारी शेजारी. ती "पोडेछे" म्हणाली नाही. ऐकायला तरी कोण होतं! मी उठले, ठिपके पाहिले आणि परत येऊन वहीत लिहिलं: अणिमा सेन. दोन. कारण, हलगर्जी.

पाच वाजता तिने पेन धुतलं, पुसलं, डबीत ठेवलं. मग आत येऊन ती वही स्वतःकडे फिरवली आणि वाचली. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, पण तेवढं कळलं असावं, कारण तिने त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे चुकलीस," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही.

तिची आई त्या दुपारी गेली नाही, हे सांगून टाकते. चांगली बारा वर्षं जगली म्हातारी, आणि मला भेटली की दर वेळी "पोरी, जेवलीस का?" विचारायची. म्हणजे मला पश्चात्ताप करायलासुद्धा धड निमित्त नाही! पण दोन वाजता अणिमादीला हे ठाऊक नव्हतं. आणि मलाही नव्हतं.

नंतरचे तीन महिने मी त्या खोलीत एकटी होते. काम पडलेलं, म्हणून केबिन सोडून मीच ट्रेसिंगला बसले. सवय मोडलेली. एका दुपारी पेनातून शाई ओघळली आणि तोंडातून आपसूक निघालं, "पोडेछे!" पंखा सावकाश फिरत होता. मी पेन खाली ठेवलं आणि थांबले. खरंच थांबले, कुणीतरी विचारेल म्हणून. रस्त्यावरून ट्राम गेली, खिडकीची काच हलली, परत स्थिर झाली. चार वाजले. मी लाल वही काढली आणि तो डाग लिहायला घेतला. नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी मात्र अडले, ती अडलेच. त्या वहीतली ती शेवटची ओळ.

पुढे साहेबांनी खोलीच बंद केली आणि काम बाहेर द्यायचं ठरवलं. माझ्याकडे उरलं ते बाहेरून आलेलं काम तपासायचं. पहिलाच गठ्ठा उघडला आणि कोपऱ्यातले आकडे पाहिले… मुंगीच्या डोळ्याएवढे, सगळे एका उंचीचे. पत्ता बेहाल्याचा होता.

त्या शनिवारी मी ट्रामने बेहाल्याला गेले. खाली लेथचं वर्कशॉप, वर पत्र्याची खोली. जिन्यातच मोहरीच्या तेलाचा वास आला. दारातून दिसल्या त्या चार पाठी, एक गौरीची. म्हणे शाळेत नोकरी! मी ट्रामभर भाषण पाठ केलं होतं, शुद्ध बंगालीत. त्यातला एक शब्द आठवेना. काखेत ते दोन ठिपक्यांचं कापड होतं, मी ते फेकलं नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "पोडेछे."

चौघींनी पेनं खाली ठेवली. सवय… दुसरं काय! अणिमादीने मात्र मागे पाहिलं नाही. जागेवरूनच विचारलं, "मोहरी की वाटाणा?"

"वाटाणा," मी म्हटलं.

"मग बाद. धुऊन टाक." आणि वळून माझ्याकडे पाहत म्हणाली, "इथे काम देणार नाही तुला. चारला येत जा."

तेव्हापासून मी शनिवारी चारला जात राहिले, पन्नासहून अधिक वर्षं. मध्ये लग्न झालं, मुलगा झाला, मी शाळेत शिकवू लागले. मला मुख्याध्यापिका करायला निघाले तेव्हा मी अशी काही आजारी पडले, की डॉक्टरही चकित. अणिमादीची खोली तीस वर्षं चालली. तिथून मुली लग्न होऊन गेल्या, त्यांच्या मुली यायला लागल्या. मग ट्रेसिंगचं कापडच मिळेनासं झालं, मग कॉम्प्युटर आले, टेबलं एकेक करून विकली गेली. शेवटी त्या खोलीत ती, मी आणि परात. पुढे तिला जिना चढवेना, मग भाच्याच्या घरी तिची कॉट. मी नातीकडे न्यू टाउनला राहायला आले, अकराव्या मजल्यावर. बेहाला लांब पडू लागलं, म्हणून शनिवारी चारला फोन. फोनवर ती पहिलं वाक्य दर वेळी एकच म्हणायची: "कापड धुतलंस?" मी म्हणायचे, "नाही." ती म्हणायची, "आळशी." मग आम्ही गुडघ्यांबद्दल बोलायचो.

धुतलं नाही, कारण धुतलं की पुढच्या शनिवारी काय विचारणार ती?

माझी नात ईशा इथल्याच एका कंपनीत आहे. नुकतीच तिला टीमची प्रमुख केलीय. तिचं मराठी म्हणजे माझ्या मुडीसारखं, त्यात सगळं कालवलेलं. टुंपाच्या फोननंतर चार दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "आजी, आणखी एकाने रिझाइन केलं. तिसरा हा. आजकल लोग टिकते ही नहीं." मी चष्मा लावून स्क्रीनवर पाहिलं. रकाने होते. नाव, चूक, कारण. फार नीट आखलेले, अगदी आपल्या घराण्याला शोभतील असे. मी कपाट उघडून ते कापड काढलं आणि तिला सगळं सांगितलं. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "पण तू त्यांना सॉरी म्हटलंस?"

"धुऊन टाक म्हणाली ना ती."

"ते त्या म्हणाल्या. तू काय म्हटलंस?"

आजकालची मुलं मराठीत कच्ची असली तरी प्रश्न पक्के विचारतात. मी म्हटलं, "मी म्हटलं, वाटाणा." आणि मग मला कळलं, की इतक्या वर्षांत मी तेवढंच म्हटलंय. म्हणण्यासारखं बाकीचं सगळं मी दर शनिवारी पुढच्या शनिवारवर ढकललं.

गेल्या शनिवारी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि ते कापड त्यात सोडलं. आधी तरंगलं, मग हळूहळू बसलं. खळ सुटून पाणी दुधाळ झालं, काळ्या रेघा कापडापासून सुटल्या, क्षणभर तशाच पाण्यावर राहिल्या आणि विरून गेल्या. कुठल्या यंत्राचा नकाशा होता तो, आता कुणाला ठाऊक! दोन पाण्यांतून काढून मी ते गॅलरीत वाळत घातलं. सगळं कापड त्या ठिपक्यांसारखंच पांढरं झालं होतं. ते नेमके कुठे होते, हे मी उजेडाकडे धरून शोधलं. सापडले नाहीत.

चार वाजता कापड वाळलं. मी ते मांडीवर घेऊन फोनजवळ बसले होते, उगीच. फार मऊ निघालंय. आता त्याच्यावर थेंब पडला तर नुसता शोषला जातो, मागे काही उमटत नाही. "धुतलं गं, अणिमादी," मी म्हटलं. एवढं एकदा तरी तिला ऐकवायला हवं होतं.

आळशी म्हणायलाही कुणी नाही.